चाळीस टक्के, पन्नास हजार

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारांवरून अडीच हजार रुपये केले. त्याआधी जूनमध्ये गुरुकुंज मोझरी येथे माजी आमदार बच्चू कडू यांचे उपोषण झाले होते. दिव्यांगांना महिना सहा हजार मिळावेत, ही त्यातली एक मागणी. विधिमंडळात, वर्तमानपत्रांत आणि आंदोलनाच्या मांडवात सगळी चर्चा झाली ती रकमेची. ती रक्कम कोणाला मिळणार आणि कोणाला नाही, हे ठरवणारे निकष मात्र जवळपास होते तिथेच राहिले.

या लेखात आढावा आहे तो त्या निकषांचा, आणि तोही अठरा वर्षांवरील व्यक्तींपुरता. लहान मुलाच्या बाबतीत आईबापांचे उत्पन्न पाहणे समजण्यासारखे आहे. प्रौढ माणूस सरकारदरबारी स्वतंत्र नागरिक म्हणून उभा राहतो की कुणाच्या तरी घरातला अवलंबित म्हणून, हा प्रश्न अठरा पूर्ण झाल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होतो.

कायद्यांची वाट

महाराष्ट्रातील योजना कायद्याच्याही आधीची. संजय गांधी निराधार योजना १९८० साली सुरू झाली तेव्हा देशात दिव्यांगांसाठी एकही सर्वंकष कायदा नव्हता. योजनेच्या यादीत विधवा, परित्यक्ता, अनाथ, कुष्ठ, क्षय आणि कर्करोगाचे रुग्ण यांच्या शेजारी दिव्यांगांचे नाव होते. याचा परिणाम आजवर टिकून आहे: दिव्यांगत्वाकडे आपली योजना निराधारपणाचा एक प्रकार म्हणून पाहते.

संसदेने १९९५ साली पहिला कायदा केला. त्यात सात प्रकारचे अपंगत्व मोजले गेले आणि लाभासाठी किमान ४० टक्क्यांची रेषा आखली गेली. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये स्वीकारला. करारातील विचार वेगळा होता. व्यक्तीच्या शरीरातील उणीव आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांच्या संयोगातून दिव्यांगत्व घडते, असे तो मानतो. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सात प्रकारांचे एकवीस झाले. स्वमग्नता, सिकलसेल, थॅलसेमिया, पार्किन्सन, आम्लहल्ल्यातून आलेले व्यंग हे सारे यादीत आले. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतील आरक्षण तीनावरून चार टक्क्यांवर गेले. व्याख्येत अडथळ्यांचा उल्लेख आला. ४० टक्क्यांची रेषा मात्र नव्या कायद्यातही कायम राहिली.

कायद्याच्या २४ व्या कलमात सामाजिक सुरक्षेची तरतूद आहे. दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे, असे ते सांगते. पण तेच कलम दोन पळवाटाही ठेवते, किंवा सरकारी बाजूने पाहिले तर दोन वास्तव मर्यादा: हे सारे शासनाच्या आर्थिक कुवतीत बसले पाहिजे, आणि निवृत्तिवेतनाला उत्पन्नाची कमाल मर्यादा घालता येईल. ज्यांना मोठ्या प्रमाणावर आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता आणि विशेष रोजगार विनिमय केंद्रात दोन वर्षांहून अधिक काळ नोंद असलेल्यांना बेकारी भत्ता, हेही याच कलमात लिहिलेले आहे. ते किती जणांच्या हाती पडले, याचे उत्तर कुठल्याही जिल्ह्याच्या दिव्यांग संघटनेत पाच मिनिटांत मिळते.

केंद्राची स्वतःची योजना म्हणजे २००९ मधील इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन. ती मिळायला तीन गोष्टी लागतात: वय १८ ते ७९, दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व. केंद्राचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपयांवर थांबलेला आहे. ग्रामविकासाशी संबंधित संसदीय स्थायी समितीने तो वाढवण्याची शिफारस वारंवार करूनही. देशभरातील लाभार्थी साधारण दहा लाख. २०११ च्या जनगणनेतील दिव्यांगांची संख्या होती २ कोटी ६८ लाख.

टक्के कसे बसतात

सिव्हिल हॉस्पिटलात वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी रांगेत ऐकू येणारा प्रश्न एकच असतो: ‘किती टक्के बसले?’ चाळीस बसले तर दाखल्याला अर्थ. एकोणचाळीस बसले तर एसटीची सवलत, आरक्षण, अनुदान यांतले काहीच नाही.

हे टक्के हवेतून येत नाहीत. केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या सुधारल्या. त्यांच्यात शिरून पाहिले की बाहेरून दिसते त्यापेक्षा चित्र गुंतागुंतीचे निघते. पायाचे दिव्यांगत्व मोजताना सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद पाहतात, ती एक बाजू. दुसरी बाजू स्थैर्याची. त्यासाठी नऊ कृती करून दाखवाव्या लागतात: सपाटीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, बाधित पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे आणि वळणे. प्रत्येकीला दहा गुण. ज्या देशात जेवण, पूजा, शेतीकाम आणि शौच या सगळ्यांत जमिनीलगत बसावे लागते, तिथे ही यादी कोणीतरी डोळे उघडे ठेवून केली असे म्हणावे लागेल. तिला कळत नाही ती एकच गोष्ट: समोरचा माणूस पोट कशावर भरतो. बीडच्या ऊसतोड मजुराला आणि पुण्यातील बँकेच्या कारकुनाला त्याच गुडघ्याचे तेवढेच टक्के मिळतात, जरी पहिल्याची रोजी गेली आणि दुसऱ्याची फक्त पार्किंगची जागा बदलली.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असला तर ३० टक्के धरतात, म्हणजे रेषेच्या खाली. दोन उणिवा असतील तर सरळ बेरीज होत नाही; मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भाग मिळवतात. नव्वदातून मोठा आकडा वजा करायचा, त्याला लहान आकड्याने गुणून नव्वदाने भागायचे आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात घालायचे. त्यामुळे डोळ्याचे ३० आणि कानाचे २० असतील तर पन्नास होत नाहीत, ४३ होतात. तरीही रेषा ओलांडली जाते. हे गणित ठाऊक नसल्याने एकाच तज्ज्ञाकडे तपासणी करून परत गेलेले लोक पुष्कळ भेटतात.

मानसिक आजाराची मोजपट्टी निराळी. तिथे स्वतःची निगा, लोकांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबी पाहतात आणि आजाराचा कालावधी जोडतात. म्हणजे माणूस दैनंदिन जीवनात काय करू शकतो, हे मोजणारी पद्धत आपल्याच नियमावलीत आधीपासून आहे, ती फक्त काही गटांपुरती. ‘वैद्यकीय’ आणि ‘कार्यक्षमताधारित’ अशा दोन छावण्या पाडून होणाऱ्या वादात ही गोष्ट सहसा निसटते.

या सगळ्याच्या आधीची पायरी म्हणजे दाखला असणे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत, २०१८ साली, दिव्यांगांपैकी जेमतेम २९ टक्क्यांकडे प्रमाणपत्र आढळले. त्यानंतर दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राची मोहीम वाढली आणि कार्डांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या योजनांसाठी ते ओळखपत्र किंवा त्याचा नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला. सोय म्हणून आलेली गोष्ट अट बनली. दुर्गम तालुक्यातून जिल्ह्याच्या गावी येणाऱ्याला ती अटच वाटते.

उत्पन्नाची चाळणी

टक्क्यांवर भरपूर लिहिले जाते, उत्पन्नाच्या अटीवर फारच कमी. माझ्या मते प्रौढ दिव्यांगांचे अधिक नुकसान ही दुसरी चाळणी करते, म्हणून इथे थोडे थांबतो.

संजय गांधी योजनेत इतर गटांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती ५० हजार. शिवाय राज्यातील पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे. पन्नास हजार म्हणजे महिन्याला ४,१६७ रुपये, तेही साऱ्या घराचे मिळून. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. घरातील एकाच माणसाला वर्षात १६१ दिवस त्या दराने काम मिळाले की मर्यादा ओलांडली. कागदाप्रमाणे चालायचे तर शेतमजुराचे घरही अपात्र ठरते. व्यवहारात ते ठरत नाही, कारण तलाठी आणि तहसीलदार वास्तव ओळखून दाखल्यावर मर्यादेत बसणारा आकडा येऊ देतात. ही माणुसकी आहे, आणि ती त्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून आहे. उद्या तपासणीची लाट आली की हाच दाखला खोटा ठरतो.

दुसरी अडचण कमावत्या दिव्यांगाची. समजा, एखादा एकटा राहणारा तरुण झेरॉक्सच्या दुकानात महिना चार हजार मिळवतो. त्याचे वर्षाचे ४८ हजार आणि अनुदानाचे ३० हजार मिळून ७८ हजार होतात. मालकाने पगार पाच हजार केला तर वर्षाची कमाई ६० हजार होते, अनुदान बंद पडते आणि हाती येतात ६० हजारच. पगारवाढ त्याला अठरा हजारांना पडली. अमेरिकेतही असे घडते: तिथल्या पूरक सुरक्षा उत्पन्न योजनेत एकट्या व्यक्तीच्या मालमत्तेची मर्यादा १९८९ पासून २,००० डॉलरवर आहे आणि बचत करणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखे होते. गोठलेल्या मर्यादा ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

तुलनेचा विषय निघालाच आहे तर जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचा उल्लेख टाळता येत नाही. तिची रक्कम दीड हजार आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ऑक्टोबर २०२५ पर्यंत दिव्यांगांची रक्कमही दीड हजारच होती. दोन्ही योजना ‘तशाच’ मानल्या तर २४ व्या कलमाच्या हिशेबाने ती किमान १,८७५ हवी होती. वाढीनंतर रकमेची ही तक्रार उरली नाही. उत्पन्नाच्या मर्यादेतील पाचपट अंतर उरले. दोन्ही योजनांचे हेतू वेगळे असल्याने तुलना गैरलागू आहे, असे सरकारच्या बाजूने म्हणता येते. कलमातील ‘तशाच योजना’ म्हणजे कोणत्या, याचा खुलासा कायदा करत नाही.

कोण काय म्हणते

पहिली भूमिका प्रशासनाची. पैसा मर्यादित आहे, म्हणून तो सर्वांत गरजूंकडे गेला पाहिजे आणि त्यासाठी मोजता येणारा, न्यायालयात टिकणारा निकष हवा. टक्केवारी तसा निकष आहे. बनावट दाखल्यांचा प्रश्नही काल्पनिक नाही. एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून २०२४ मध्ये देशभर गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली. खोट्या दाखल्यावर लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. फेरतपासणीची मागणी दिव्यांग संघटनांनीही केली होती, कारण बनावट दाखला खऱ्या दिव्यांगाचीच जागा खातो.

दुसरी भूमिका हक्कवाद्यांची. त्यांच्या मते मुळात मोजमापच चुकीच्या गोष्टीचे होते. किती टक्के शरीर कमी आहे, यापेक्षा दिवसातले किती तास मदतनीस लागतो, रिक्षाला किती जातात, डायपर-कॅथेटर-औषधांना किती लागतात, हे विचारले पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१३ पासूनचे व्यक्तिगत स्वावलंबन देयक या धर्तीचे आहे: ते रोजचे जगणे आणि हिंडणेफिरणे यांतली अडचण पाहते, उत्पन्न पाहत नाही आणि नोकरी करणाऱ्यालाही मिळते. त्या पद्धतीवरही तिथे टीकेचा भडिमार आहे. तपासणीच्या मुलाखती अपमानास्पद असतात आणि अपिलात निर्णय मोठ्या संख्येने फिरतात, ही मुख्य तक्रार. जिथे तालुक्याला पुरेसे डॉक्टर नाहीत तिथे अशी घरोघर तपासणी कोण करणार, या प्रश्नाला आपल्याकडच्या हक्कवाद्यांनी अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

तिसरी भूमिका दोन्हींच्या मधली: टक्केवारी राहू द्या, पण टप्पे पाडा. आंध्र प्रदेश २०२४ पासून दिव्यांगांना सहा हजार आणि पूर्णतः परावलंबी, अंथरुणाला खिळलेल्यांना पंधरा हजार देतो. तेलंगणात ४,०१६ रुपये मिळतात. आंध्रच्या रकमेमुळेच महाराष्ट्रात सहा हजारांच्या मागणीला बळ आले. मात्र रक्कम मोठी झाली तशी चाळणीही बारीक झाली. आंध्रने २०२५ मध्ये फेरतपासणी केली, अनेकांचे टक्के चाळिसाच्या खाली दाखवले गेले, नोटिसा निघाल्या आणि निदर्शने झाली. महाराष्ट्रातील मागणीदारांनी हा दुसरा अर्धा भागही लक्षात ठेवलेला बरा.

उत्पन्नाची अटच काढा, असे म्हणणारे थोडे आहेत, पण त्यांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग. मुले, वृद्ध, कमी टक्क्यांचे असे सगळे धरून प्रत्येकाला अडीच हजार दिले तरी वर्षाला सुमारे ८,९०० कोटी लागतील. लाडकी बहीण योजनेची २०२५-२६ ची तरतूद ३६ हजार कोटींची होती. अर्थात जनगणनेचा आकडा २०११ चा आणि त्या जनगणनेतील आठ प्रकारांचा. एकवीस प्रकार धरून मोजणी झाली तर तो फुगेल.

न्यायालयांचा कल

सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले महत्त्वाचे वाद परीक्षा आणि प्रवेशांचे आहेत, अनुदानाचे नाहीत. तरी त्यांतील तर्क इथेही लागू पडतो. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराला ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. आरक्षणासाठीची रेषा प्रत्येक सोयीला लावता येणार नाही, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याचे प्रकरण आले. वाचा-भाषा दिव्यांगत्व ४४ ते ४५ टक्के, म्हणून वैद्यकीय शिक्षणाला अपात्र. जे चाळीस टक्के राखीव जागेचे दार उघडतात, तेच त्याच्यासाठी ते बंद करत होते. नुसता आकडा अपात्र ठरवू शकत नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का हे मंडळाने पाहिले पाहिजे, असा निकाल लागला. त्याच महिन्यात ओम राठोड प्रकरणात कार्यक्षमतेच्या मूल्यमापनावर न्यायालयाने आणखी भर दिला.

हा तर्क मासिक अर्थसाहाय्याला लावायचा का? आरक्षणात एकेका उमेदवाराचा विचार शक्य असतो. लाखो लाभार्थ्यांच्या योजनेत तो करायचा तर यंत्रणा बदलावी लागेल.

उरलेल्या गाठी

सिकलसेल आणि थॅलसेमियाचे रुग्ण कायद्याने दिव्यांग आहेत, पण नोकरीतील आरक्षणाच्या कलमात त्यांचा प्रकार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात याचा फटका बसतो. सिकलसेलची वेदना येते आणि जाते. तपासणीच्या दिवशी रुग्ण बरा असला तर टक्के कमी बसतात आणि दाखला बहुधा तात्पुरता मिळतो. चढउतार असणाऱ्या आजारांना एका दिवसाची मोजणी कशी लावायची, यावर २०२४ च्या सुधारित सूचनांनंतरही एकमत नाही.

बौद्धिक दिव्यांग प्रौढांची गाठ वेगळी आहे. अनुदान थेट बँक खात्यात येते. खाते चालवायला पालकत्वाचा कागद मागितला जातो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती पालक नेमते. २०१६ चा कायदा मात्र त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून घ्यायच्या मर्यादित पालकत्वाची भाषा बोलतो. दोन कायद्यांचा मेळ बसलेला नाही, आणि तोवर आईबाप म्हातारे होत आहेत.

संख्येचा प्रश्न २०२७ ची जनगणना काही अंशी सोडवील. मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी ३८ व्या कलमात स्वतंत्र मूल्यमापन मंडळ आहे, पण ते कलम बहुतेक कागदावरच आहे. वास्तविक हक्कवाद्यांना हव्या असलेल्या मोजमापाची सुरुवात तिथून लहान प्रमाणात करता आली असती.

सगळ्या गाठी एकदम सुटणार नाहीत. टक्केवारीच्या जागी काय आणायचे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. उत्पन्नाच्या अटीबाबत मात्र वाट आधीच पाडलेली आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग मुलाला कौटुंबिक निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळते, आणि फेब्रुवारी २०२१ पासून त्याची अट अशी आहे: त्याचे स्वतःचे उत्पन्न पालकाच्या अखेरच्या वेतनाचे ३० टक्के आणि त्यावरील महागाई साहाय्य यांच्या बेरजेपेक्षा कमी हवे. म्हणजे प्रौढ दिव्यांगाचे उत्पन्न घरापासून वेगळे मोजणे आणि मर्यादा महागाईबरोबर हलती ठेवणे, या दोन्ही गोष्टी सरकारला जमतात. संजय गांधी योजनेत त्या आणायला संसदेत जावे लागत नाही. मंत्रालयातून निघणारा एक शासन निर्णय त्याला पुरेसा आहे.